गुलमर्गला स्की टूरिंग: बीकन-प्रोब-फावड्याचा सेट प्रत्येकाने घ्यायलाच हवा का?

कळवा_ते_कडा (कळवा)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस इथे नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही तिघं मित्र, दोघं कळव्याचे आणि एक कोपरखैरण्याचा. सात-आठ वर्षं सह्याद्रीत क्लाइंबिंग चालू आहे, मुंब्र्याच्या भिंतींवर जवळजवळ दर रविवारी असतो, वानरलिंगी झाली, तैलबैला झाला, माहुलीचा वजीर दोनदा झाला. मागच्या जानेवारीत तिघांनी गुलमर्गला दोन आठवड्यांचा स्कीचा बेसिक कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यातून बर्फ जातच नाहीये. ऑफिसात बसून पण गुडघे आपोआप वळणं घेतात अशी अवस्था आहे.

आता फेब्रुवारीत नऊ दिवस काढलेत. बेत असा की गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर जायचं, तिथून स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे न घसरणारी पट्टी, लावून चालत पुढे चढायचं आणि तयार केलेल्या उताराच्या बाहेरून मोकळ्या बर्फात उतरायचं. लोकल गाईड ठरलाय, माणूस अनुभवी वाटला, फोनवर त्याने आमचीच उलटी तपासणी घेतली, किती दिवस स्की केलंय, किती उताराचं केलंय वगैरे.

वाद पडलाय तो अ‍ॅव्हलांचच्या, म्हणजे उतारावरून अख्खा बर्फ सुटून येतो त्याच्या, सामानावरून. बीकन (अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब घडीची काठी) आणि फावडं असा सेट प्रत्येकाकडे हवा असं मी म्हणतोय. एक मित्र म्हणतो गाईडकडे आहे ना, आपण कशाला एवढे पैसे घालायचे, तिघांचा खर्च काढला तर सात-आठ चांगले डायनॅमिक रोप येतील, आणि आपण काही हिमालयात शिखर मारायला चाललो नाही, वर जायला गोंडोला आहे. दुसरा म्हणतो तिथे भाड्याने घेऊ. मला नीट उत्तर देता येईना म्हणून इथे विचारतोय. शिवाय बूट विकत घ्यावेत की भाड्याने, ठाण्यात राहून पायांची तयारी कशी करायची, आणि एकदा सामान घेतलंच तर आपल्या इथल्या पावसाळ्यात ते टिकतं का, हेही सांगा.

दोर_गुंडाळ (ऐरोली)

अरे वा, वजीर दोनदा केलेला माणूस बर्फात चाललाय हे वाचून लई बरं वाटलं. आता मी थोडं कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

आधी त्या पहिल्या मित्राला एकच विचार. गाईडकडे बीकन आहे आणि तुमच्याकडे नाही, म्हणजे तुम्ही गाडले गेलात तर त्याच्या बीकनला ऐकू काय येणार? बीकन हा काही टॉर्च नाही एकाकडे असला की सगळ्यांना उजेड पडायला. गाडलेल्याचा बीकन सिग्नल सोडतो आणि वरच्याचा बीकन तो पकडतो, दोन्हीकडे लागतो. आणि उलटं झालं, गाईडच खाली गेला, तर वर उभे असलेले तुम्ही तिघं कशाने शोधणार, कशाने उकरणार? हाताने? थांबलेल्या अ‍ॅव्हलांचचा बर्फ क्षणात असा घट्ट बसतो की बुटाची टाचसुद्धा आत जात नाही.

माझ्या स्वतःच्या अंगावर आलेली गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी पण भाड्यानेच घेतलं होतं. दुकानदाराने बीकन दिला, चालू करून दाखवला, दिवा लागला, मी खुश. दुसऱ्या दिवशी गाईडने वर जायच्या आधी चेक घेतला, म्हणजे तो स्वतः सर्च मोडवर उभा राहिला आणि आम्ही एकेक जण त्याच्यासमोरून जायचो. माझा नंबर आला तर त्याच्या स्क्रीनवर काहीच नाही. बॅटरीचं झाकण उघडलं तर आत हिरवट पांढरी बुरशी साचल्यासारखं, सेल गळून पत्र्याच्या पट्ट्या खाल्लेल्या. दिवा लागत होता पण अधूनमधून बंद पडत होता. त्या दिवशी मी खाली राहिलो आणि बाकीचे वर गेले. माझं नशीब की चेक घेणारा माणूस होता.

आता यातलं महत्त्वाचं सांगतो, कारण आपण सह्याद्रीवाले एका सवयीत वाढलोय. आपल्याकडे पुढचा चढला म्हणजे रस्ता आहे. लीडरने बोल्ट क्लिप केला, कातळ ठोकून बघितला, पोकळ वाजला तर सोडला, आणि तो वर गेला की मागच्याला तोच कातळ तसाच मिळतो. दगड आज जसा आहे तसाच पुढच्या रविवारी असतो. बर्फात पुढचा सुखरूप गेला याचा अर्थ काहीच नाही. चार जण एकाच उतारावरून उतरतील, पाचवा तीन फूट बाजूला वळेल आणि अख्खा उतार पायाखालून निघेल. आधीच्या स्कीच्या खुणा बघून जो दिलासा वाटतो ना, तो दिलासा आपल्याला मुंब्र्याच्या भिंतीने शिकवलाय आणि तिथे तो खरा आहे, पण अफरवटला तो खोटा आहे. हे डोक्यात घालायला मला दोन सीझन लागले.

का होतं ते घरी बघायचं असेल तर एक कर. ताटात जाड दाणेदार साखर पातळ पसर, त्यावर एक मोठा खाकरा ठेव आणि ताट एका बाजूने हळूहळू उचल. बराच वेळ काही होत नाही, मग एकदम खाकरा अख्खाच्या अख्खा सरकतो. सीझनच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो आणि वरची हवा प्रचंड थंड, जमिनीलगत मात्र शून्याच्या आसपास. या फरकामुळे खालच्या बर्फाचे कण बदलून एकमेकांना न चिकटणारे साखरेसारखे दाणे होतात. मग मोठा स्नोफॉल येतो किंवा वारा दुसऱ्या बाजूचा बर्फ उचलून आणून टाकतो आणि वर घट्ट पापुद्रा तयार होतो, तो आपला खाकरा. पाय ठेवल्यावर कधीकधी खालून ‘व्हूम्फ’ असा दबका आवाज येतो, आपला कातळ पोकळ वाजतो तसाच समज, पण इथे दुसरा हात शोधायला वेळ मिळेलच असं नाही. तो आवाज आला की तो उतार सोडायचा, चर्चा नाही.

उताराचा कोन मोजायला शिका. सुटणारे उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांमधले असतात आणि दुर्दैव असं की स्की करायला मजा पण त्याच कोनात येते. मोबाईलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, स्कीच्या काठीवर मोबाईल ठेवून मोजायचं. आणि तू उभा आहेस तो उतार सपाट असला तरी डोक्यावरचा काय आहे ते बघ, लोक तिथे फसतात.

वेळेचं गणित असं आहे की गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासाला चित्र पार पालटलेलं असतं. ठाण्याला फोन करून काय, गुलमर्गच्या स्की पेट्रोलला, म्हणजे तिथल्या गस्त-बचाव पथकाला, फोन करून पण कुणी दहा मिनिटांत पोचत नाही. म्हणजे वाचवणारे तुम्हीच. म्हणून सेट प्रत्येकाचा, आणि नुसता घेऊन चालत नाही, हात बसला पाहिजे. आमच्या पहिल्या ड्रिलमध्ये गाईडने एक सॅक मीटरभर खोल पुरली होती. मला ती सापडून बाहेर काढायला १९ मिनिटं लागली. ती सॅक होती म्हणून ठीक आहे, पण मी ती हातात घेऊन उभा होतो आणि आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, ही मी असतो तर. त्या रात्री जेवण गेलं नाही.

बीकन कुठल्याही कंपनीचा घ्या, मॅमट, ऑर्टोव्हॉक्स, पीप्स, सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात त्यामुळे एकमेकांना ऐकू येतात, फक्त तीन अँटेनावाला डिजिटल घ्या, जुना सेकंडहँड स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. प्रोब निदान २४० सेंटिमीटरचा. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं अजिबात नाही. बीकन सॅकमध्ये नाही टाकायचा, अंगावर, जॅकेटच्या आत पट्ट्यांनी बांधायचा, कारण सॅक निघून जाऊ शकते. मोबाईल त्याच्यापासून निदान वीतभर लांब ठेवा आणि शोधताना तर हातभर लांब किंवा सरळ बंद.

वारा_आणि_वाट (नेरुळ)

दोर_गुंडाळ दादाने मुख्य ते सांगितलंच आहे, मी बूट आणि पावसाळ्यावर लिहिते कारण या दोन गोष्टींत माझे पैसे आणि नखं दोन्ही गेलेत.

सगळ्यात आधी बूट घे, स्की नंतर. स्की भाड्याने मिळतील आणि चालूनही जातील, बूट दुसऱ्याच्या पायाचे असले की दिवस संपला. माझ्या पहिल्या ट्रिपला भाड्याचे बूट एक साइज मोठे होते, दुकानातला म्हणाला दोन मोजे घाला. दोन मोजे घातले, पाय आत हलत राहिला, चौथ्या दिवशी नडगीच्या पुढच्या भागाला बुटाची जीभ आपटून आपटून अशी सुजली की शिवलेलं सहन होईना आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. मोजा एकच घालायचा, पातळ, लोकरीचा.

स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा, लांब बोटापर्यंत मोज, दोन्ही पायांचं, संध्याकाळी मोज कारण तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मग दुकानात आतलं लाइनर काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे बोटं घालून बघायचं, दीड ते दोन सेंटिमीटर जागा हवी. त्याहून जास्त असेल तर तो बूट तुझा नाही, कितीही सवलत असू दे. टूरिंगचा बूट असा हवा की मागची कळ उचलली की घोटा मोकळा होऊन चालता येतं, आणि पुढे टोकाला दोन्ही बाजूंना पिन बसायची भोकं असतात, ती नसतील तर पिनवालं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका, लागणारच नाही. कोर्सला वापरलेले साधे बूट चालत नाहीत, हे बऱ्याच जणांना वर पोचल्यावर कळतं.

स्किनबद्दल. ती स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी, एका दिशेने सरकते आणि उलट्या दिशेने बर्फाला धरते, शेळीच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. उतरताना काढली की सॅकमध्ये टाकायची नाही, जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायची, नाहीतर गोंद गारठतो आणि पुढच्या चढाला चिकटतच नाही. दोन-तीन रबरी स्ट्रॅप कायम खिशात ठेव. स्किन सुटली, बकल तुटलं, काठी मोडली, सगळ्याला तेच.

आता आपला पावसाळा. नेरुळला माझं घर खाडीच्या बाजूला आहे, जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला तीन दिवसांत बुरशी येते, तिथे स्कीचं काय होत असेल विचार कर. पहिल्या वर्षी मी स्की बॅगेत घालून पलंगाखाली सरकवल्या, ऑक्टोबरमध्ये काढल्या तर दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या धारा तांबूस झालेल्या, बोटाला गंज लागत होता. आता मार्चमध्ये आले की धारा कोरड्या पुसते, तळाला आणि धारांवर जाड मेण वितळवून लावते आणि ते तसंच न खरवडता ठेवते, डिसेंबरमध्ये खरवडायचं. बुटांचे लाइनर बाहेर काढून पंख्याखाली पूर्ण सुकवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या, बकलं हलकी लावून ठेवायची म्हणजे शेल वाकडा होत नाही. स्किन तिच्या जाळीवर चिकटवून हवाबंद पिशवीत, सर्वात थंड कपाटात, उन्हात आणि गाडीच्या डिकीत कधीच नाही. आणि बीकनमधले सेल काढून ठेवायचे, वर दादाने जे सांगितलं ते आपल्या दमट हवेत दुप्पट वेगाने होतं. सेल साधे अल्कलाइन घ्या, रिचार्जेबल नको, त्यांचा उरलेला टक्का बीकनला नीट कळत नाही आणि ते अचानक संपतात.

अजून एक, साधीच गोष्ट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं, तिघांपैकी निदान दोघांकडे असू दे. आणि कुणी सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जा म्हणून सल्ला दिला तर ऐकू नकोस, परवानगीशिवाय आपल्या देशात तो बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर माणसं अडकलीत त्याच्यापायी.

गुडघ्याची_वही (खारघर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे त्यामुळे पायांवर बोलतो. क्लाइंबर लोकांचे हात, पोटऱ्या, पोट उत्तम असतं, मांडीचा पुढचा स्नायू मात्र लांबच्या उताराला तयार नसतो. स्कीत पाय वाकलेला ठेवून भार सोसायचा असतो, चढण्यापेक्षा हे उतरण्यासारखं आहे. म्हणून चढ नाही, उतार करा. खारघर हिलचा रस्ता आहे, सकाळी पाठीवर दहा-बारा किलो घेऊन वर जा आणि खाली येताना मुद्दाम हळू, गुडघा वाकवून, पावलाचा आवाज न करता या. कळव्याहून लांब पडत असेल तर पारसिक हिल आहेच, नाहीतर सोसायटीचे जिने, लिफ्टने वर आणि पायी खाली. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. एका पायावर बसून उठणं आणि बाजूला उडी मारून एका पायावर स्थिर राहणं हे रोज घाला, गुडघ्याचं लिगामेंट याच्यावर वाचतं. इनलाइन स्केट्स मिळाले तर फार चांगलं, धारेवर वजन टाकायची सवय लागते.

उंचीचं हलकं घेऊ नका. ठाणं समुद्रसपाटीला, गुलमर्ग साधारण २६५० मीटर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला एका सकाळीत ३९०० च्या वर नेतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर सहाशे मीटर उरतात. पहिले दोन दिवस खालीच, पहिल्याच टप्प्यापर्यंत. डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर ते लपवायचं नाही, आपल्याकडे मुलं ग्रुपपुढे बोलत नाहीत आणि तिथेच घात होतो. गोळ्या वगैरे आपल्या डॉक्टरला विचारूनच.

जुना_दोर (नौपाडा, ठाणे)

पोरांनो, मी आता वयाची साठी ओलांडलीय. आम्ही मुंब्र्याला चढायला लागलो तेव्हा हार्नेस नव्हते, कमरेला दोर गुंडाळून गाठ मारायचो. त्यामुळे सामानाशिवाय डोंगर करता येतो हे मला कुणी शिकवायला नको, पण बर्फात ते लागू करू नका हे मी हात जोडून सांगतोय.

वर सगळं बरोबर लिहिलंय, पण मला वाटतं एक मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. दोन आठवड्यांचा कोर्स झालाय, म्हणजे तयार केलेल्या दाबलेल्या उतारावर वळणं जमतात. मोकळा बर्फ वेगळा असतो, मांडीभर भुसभुशीत, कधी वरून कवच आणि खाली मऊ. त्यात पाच वळणात तीनदा पडणारा माणूस अ‍ॅव्हलांचच्या उतारावर तीनदा जास्त वेळ थांबतो, दमतो, सगळ्यांना थांबवतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिले पाच-सहा दिवस स्की पेट्रोलच्या हद्दीत मोकळा बर्फ शिका, स्किन लावून चढायचा सराव खालच्या सौम्य उतारांवर आणि झाडीत करा, खालच्या बाबा रेशी गावाकडे उतरणारी झाडी आहे तिथे गाईडबरोबर जा, आणि अफरवटचा बाहेरचा उतार शेवटच्या दोन दिवसांत, तोही हवा आणि गाईड दोघं हो म्हणाले तरच. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी. अफरवट कुठे जात नाही.

आणि हे उगीच घाबरवायला लिहीत नाहीये. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर अ‍ॅव्हलांचमध्ये गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गला रशियन स्कीअर गेला, बरोबरच्यांना बाहेर काढता आलं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर तर प्रशिक्षणाला गेलेली पोरं होती, बरोबर शिकवणारे कसलेले लोक होते, तरी २९ जणांना आपण मुकलो. ती बातमी आली त्या दिवशी मी गच्चीवर एकटा बसून होतो. त्यातली कितीतरी तुमच्या वयाची.

गुलमर्गच्या स्की पेट्रोलचं अ‍ॅव्हलांचचं बुलेटिन निघालं की ते वाचायचं, मोठं स्नोफॉल झालं की निदान एक-दोन दिवस मोकळ्या उतारांपासून लांब. चिल्ले कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, संपून फेब्रुवारी लागला की थंडी जराशी सैल होते पण वादळं येतच राहतात. आणि अफरवटच्या कडेपलीकडे कुतूहल म्हणून सुद्धा जायचं नाही, ताबारेषा जवळ आहे.

परत फिरायचं कोण ठरवणार ते इथेच, ठाण्यातच ठरवून जा. आमच्यात नियम होता, एकाने नाही म्हटलं की सगळे खाली, कारण विचारायचं नाही. त्या नियमाने आमचे तीन सुळके अर्धवट राहिले आणि सगळे जण अजून चहाला भेटतो.

दोर_गुंडाळ (ऐरोली)

काका, झाडीबद्दल एक भर घालतो, झाडी म्हणजे सुरक्षितच असं पोरांच्या मनात बसायला नको. विरळ झाडीतून अ‍ॅव्हलांच सरळ येतो, आणि फांद्या एकाच बाजूला मोडलेल्या दिसल्या तर ती त्याची जुनी वाट आहे असं समजायचं. बाकी तुमचं सगळं मान्य, मी पण त्याला या वर्षी पुढची टूर नको म्हणूनच सांगणार होतो, धीर झाला नाही.

कळवा_ते_कडा (कळवा)

काय लिहू, प्रिंट काढून तिघांनी एकत्र वाचलं. काका, तुमचं म्हणणं पटलं, बेत बदललाय, सात दिवस हद्दीच्या आत आणि झाडीत, शेवटचे दोन दिवस गाईड म्हणेल तसं. एकाने नाही म्हटलं की खाली, हा नियम तिघांनी मान्य केलाय.

सेट चार घेतोय, तीन आमचे आणि एक पुरायला, सरावानंतर तो चौथा मित्राच्या भावाला जाईल, तो पुढच्या वर्षी येणार आहे. सराव कुठे करायचा हा प्रश्न होता कारण इथे बर्फ कुठून आणणार, तर कोपरखैरण्याच्या मित्राने सुचवलं की वाळूत करू. ठाण्याहून नेरुळ आणि नेरुळहून उरण लोकल आता थेट आहे, उरणला उतरून रिक्षाने पिरवाडी बीच. बीकन वाळूत शोधून काही फायदा होतो का, कुणी केलंय का?

दोर_गुंडाळ (ऐरोली)

केलंय आणि फायदा होतो, बर्फाइतका नाही पण हात बसतो. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूतच पुरा, खाऱ्या ओल्या वाळूत सिग्नल दबतो. बीकन घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा जुन्या सॅकमध्ये, सॅकमध्ये चिंध्या गच्च भरा म्हणजे प्रोब लागल्यावर हाताला मऊ दणका जाणवेल, दगडाचा आणि माणसाचा दणका वेगळा असतो. सॅकला सुतळी बांधून टोक वर ठेवा पण शोधणाऱ्याला पाठ करून उभं करा पुरताना. बीकनच्या स्क्रीनवर दिशेचा बाण आणि अंतराचा आकडा दिसतो, बाण सरळ रेषेत नेत नाही, वळसा घालून नेतो, घाबरू नका, त्याच्यामागे जा. शेवटच्या तीन मीटरला बीकन जमिनीला टेकवून अगदी सावकाश, बीकनचं तोंड न वळवता. सर्वात लहान आकडा आला की प्रोब, दर पंचवीस सेंटिमीटरला एक, गोल वाढवत, आणि लागला की प्रोब तिथेच सोडायचा, काढायचा नाही. उकरायचं बरोबर वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने, कारण माणसापर्यंत पोचायचंय आणि त्याच्या अंगावर उभं राहायचं नाहीये.

बीकन_नको_म्हणणारा (कळवा)

नमस्कार, मी तोच पहिला मित्र, पैशांवरून वाद घालणारा. आजच खातं उघडलं.

काल पिरवाडीला गेलो होतो. पहाटे साडेपाचच्या गाडीला फावडी आणि प्रोब घेऊन चढलो, मालडब्यातल्या मावश्यांनी विचारलं कसलं काम निघालं बाबा, म्हटलं माणूस शोधायचा सराव, त्यांनी मोठी जागा करून दिली. सॅक साधारण कंबरेइतकी खोल पुरली. पहिला शोधणारा मी. बाण दाखवतोय, मी पळतोय, आकडा कमी होतोय, मग एकदम वाढतोय, परत मागे. प्रोब आठव्या-नवव्या वेळेला लागला. आणि मग फावडं. मला वाटलं होतं शोधणं अवघड असेल, उकरणं काय, पण वाळू जेवढी काढतो तेवढी आत परत सरकते, हाताला फोड आले, श्वास लागला, आणि मित्र बाजूला मोठ्याने मिनिटं मोजतोय. बारा. तेरा. चौदा. त्याने ते बंद करावं असं मला वाटत होतं पण त्याने केलं नाही आणि बरं केलं. १७ मिनिटं झाली तेव्हा सॅकचा पट्टा दिसला.

दुपारपर्यंत नऊ वेळा केलं. शेवटचं साडेपाच मिनिटांत, तिघांनी मिळून, एक पुढे उकरतोय आणि दोघं मागून वाळू फेकतायत. माझ्या सेटचे पैसे मी काल रात्रीच दिले.

काका, एक विचारायचं होतं, फावडं चालवताना दर मिनिटाला पुढचा माणूस बदलावा का? आमचा पहिला दीड मिनिटात गळत होता.

जुना_दोर (नौपाडा, ठाणे)

हो रे बाळा, दर मिनिटाला बदला, पुढचा दमायच्या आधी बदला, दमल्यावर नाही. आणि नऊ वेळा केलंत हे वाचून मी आत्ता घरच्यांना वाचून दाखवलं.

वारा_आणि_वाट (नेरुळ)

शाब्बास! प्रोबचे सांधे आणि आतली तार आजच गोड्या पाण्याने धुऊन उभं करून वाळवा, खारी वाळू आत राहिली तर फेब्रुवारीत तो उघडणारच नाही. फावड्याच्या दांड्याच्या कळीत पण वाळू बसते, जुन्या टूथब्रशने काढा. पुढच्या रविवारी परत जाणार असाल तर सांगा, मी नेरुळलाच चढते, माझा बीकन घेऊन येते, दोन सॅक एकदम पुरून बघू, कारण दोघं गाडले गेले तर बाण कसा गोंधळतो ते एकदा पाहिलंच पाहिजे.

कळवा_ते_कडा (कळवा)

ताई नक्की. रविवारी पहाटेच नेरुळला उरण लोकलच्या प्लॅटफॉर्मवर भेटू, पुढचा डबा. आम्ही चार फावडी आणि दोन जुन्या सॅक आणतोय, चिंध्या कमी पडतायत, घरात जुन्या चादरी असतील तर घेऊन या.